सत्तावीस इंचांचा गज

१८ मार्च १९६१, शनिवार. चैत्र शुद्ध द्वितीया.

काल पाडव्याला नवी वही घातली. पुढून घरखर्च, आणि वही उलटी धरून मागून हे. पुढच्या पानांवर खोटं लिहिता येत नाही, बेरीज लगेच सांगते. मागच्या पानांनाही तोच नेम लावायचं ठरवलं आहे.

लोणखेड्याच्या रस्त्याला आमच्या नव्या घराच्या भिंती कमरेच्या वर आल्या. काल मुहूर्तानं पुढच्या दाराची चौकट उभी केली. हळदकुंकू, आंब्याची डहाळी, माथ्यावर पिवळ्या फडक्यात बांधलेला सव्वा रुपया. आता खिडक्या. उखा सुतार म्हणतो, भिंत खिडकीसाठी थांबत नाही, काय ते पंधरा दिवसांत ठरवा.

सागवानाचा हिशेब माझ्याकडे आहे. म्हणून उखाचा लाकडी गज मागून घेतला आणि वडिलांच्या शाळेतल्या फूटपट्टीनं मोजला. चोवीस तसूंचा गज भरला सत्तावीस इंच. म्हणजे त्याचा तसू इंचाहून एक अष्टमांशानं मोठा. उखा हसला.

"वहिनी, मन्हा आजाना गज शे हाऊ. सरकारनं मीटर आना, तरी मन्हा गज काई हालना नही."

मी वहीत मांडून ठेवलं. नाहीतर लाकूड कमी पडायचं.

मला सातवा सरत आला. वैशाखात दिवस भरतील. पुन्हा वैशाखच.

२१ मार्च, मंगळवार.

आमचे हे मळ्यातल्या इंजिनाचे सुटे भाग आणायला सुरतेला गेले होते, आज परत आले. धोतराच्या घडीत गुंडाळून काचेचा एक तुकडा आणला आहे, पाटीएवढा. नमुना म्हणून.

"पश्चिमेच्या खोलीले लावनं शे. रस्ताकडे. दोन झडपा, चार काचा, मोठ्या."

मी म्हटलं, "ती खोली बाळंतिणीची ठरली आहे."

"म्हनूनच."

"चुनीलालभाऊंच्या घराला काचा लागल्या, म्हणून ना?"

चुनीलालभाऊ म्हणजे यांचे चुलतभाऊ, सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी मागच्या वर्षी घर बांधलं, तेव्हापासून रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण त्या काचांत मिशी बघून पुढे जातो. यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. ओसरीवर बसून धोतराच्या सोग्यानं काच पुसत राहिले. काच केव्हाच लख्ख झाली होती, तरी पुसत राहिले. पुरुषाला हौस असते ती अशी.

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच. "बायंतीननी खोलीले खिडकी कसाले? वारा लागाले?"

एकाला काच हवी, एकीला भिंत. मला काय हवं ते मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं असतं असंही नाही.

२५ मार्च, शनिवार. रामनवमी.

देवळात पाळणा म्हणताना बायका माझ्याकडे बघत नव्हत्या. मुद्दाम बघत नव्हत्या. मला तेच जास्त लागलं.

लिहून टाकते. पहिली मुलगी, चोपन्न सालचा वैशाख, पाच दिवस. दुसरा मुलगा, अठ्ठावन्न सालचा वैशाख, नऊ दिवस. आई नाही, त्यामुळे दोन्ही बाळंतपणं इथेच, जुन्या घराच्या मधल्या खोलीत. सासूबाईंनी काही करायचं ठेवलं नाही. दाराखालची फट चिंध्यांनी बुजवली, बाजेखाली दिवसातून तीनदा निखाऱ्यांची शेगडी, ओव्याची धुरी. वाऱ्याचा कण आत येऊ दिला नाही. तरी मूल तापलं, दूध ओढेना, मान टाकली. दोन्ही वेळा तसंच. कौसाबाई सुईण म्हणाली, बाहेरचं लागलं. मला वाटतं माझंच काहीतरी. शाळेत असताना धरलेल्या सोळा सोमवारांतला एक माझ्याकडून मोडला होता, त्याचं उद्यापन मी कधी केलं नाही.

यांना खोलीत येता आलं नाही. यांच्या हातात दोन्ही वेळा कापडात गुंडाळूनच दिलं.

वडिलांच्या सामानात शाळेचा भिंतीवरचा उष्णतामापक निघाला होता, लाकडी पाटीचा. आज सहज मधल्या खोलीत टांगला. दुपारी तीनला १०१ अंश फॅरनहाइट. शेगडी नसताना. असताना किती होत असेल, असं मनात आलं. तो विचार मी लगेच झटकला. सासूबाईंवर संशय घेतल्यासारखं होतं ते.

२९ मार्च, बुधवार.

धडगावहून सागवान आलं. गाडीवान दलसिंग पावरा, डोंगरातला माणूस. घाटात गाडीचं चाक निघालं होतं, तरी एक फळी हरवली नाही. त्याला चहा दिला आणि विचारलं, तुमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीला खिडकी असते का?

"आमचा घरात खिडकीच नाय, बाई. भिंत बांबूची. हवा आत येते, बाहेर जाते, कोणाला विचारत नाय."

उखा रंधा मारता मारता म्हणाला, "मंग तुन्हा गावमा मी उपाशी मरसू, दलसिंग!"

सगळे हसले. मग उखानं मला एक झडप दाखवली, जुन्या डाकबंगल्यातली दुरुस्तीला आलेली. काच नाही, फळीही नाही. अंगठ्याएवढ्या रुंद तिरप्या पट्ट्या, खाली झुकलेल्या. मधली दांडी वर केली की सगळ्या पट्ट्या उघडतात, खाली केली की मिटतात. ऊन पट्टीवर आपटून बाहेरच राहतं, हवा मधून निघते.

"अशी सागनी करी दिसू का? चार दिन लागतीन. पन भाऊ ऐकावू नही. भाऊना डोकामा काच बठेल शे."

२ एप्रिल, रविवार.

चुनीलालभाऊंकडे हळदीकुंकू होतं. मुद्दाम चारच्या सुमाराला गेले. पश्चिमेच्या बैठकीत कोणीच नव्हतं. काचांवर आतून चादरी आणि त्यांवर गोणपाट. घरची सगळी माणसं गोठ्याच्या पडवीत.

चुनीलालभाऊ म्हणाले, "इकडं काय, मोकळं बरं वाटतं. गुरांकडं लक्ष राहतं."

त्यांची मंगलाबाई मला आत घेऊन गेली आणि पदर तोंडाला लावून हसली. "बाई, या काचेस्ले रोज दुपारले लुगडं नेसाडनं पडस. पाव्हना उना का सोडनं. हात लाई देख."

मी काचेला हात लावला आणि तो काढून घेतला. तव्याला लागावा तसा. चैत्रच आहे अजून.

७ एप्रिल, शुक्रवार.

तीन दिवस एक उद्योग केला. साबणाची दोन खोकी घेतली, सारख्या मापाची. एकाच्या तोंडाला यांचा काचेचा नमुना बसवला, दुसऱ्याच्या तोंडाला उखाकडून करून घेतलेली हातभर पट्ट्यांची झडप. दोन्ही नव्या घराच्या पश्चिमेच्या ओट्यावर, तोंड उन्हाकडे. उष्णतामापक एकच, म्हणून आलटून पालटून. प्रत्येकात एकेक गुळाचा खडा ठेवला, म्हणजे पारा खोटं बोलला तर गूळ सांगेल.

दुपारी चारला. बाहेर सावलीत १०३. पट्ट्यांच्या खोक्यात १०६. काचेच्या खोक्यात पारा १२० पर्यंत गेला आणि पुढे आकडेच नव्हते. नळी फुटेल म्हणून मी तो घाईनं काढला.

पट्ट्यांमागचा गूळ जरा घामेजला होता. काचेमागचा पाघळून खोक्याच्या फटीतून खाली आला होता, मुंग्यांची रांग लागली होती.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या ते मला कळलं नाही. म्हटलं आता गूळ नासला म्हणून बोलतील. त्या खाली बसल्या. पाघळलेल्या गुळाला बोट लावलं, बोटाकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि घरी गेल्या. रात्री जेवल्या नाहीत, म्हणाल्या उपास आहे. शुक्रवारी त्यांचा कुठला उपास, मला माहीत नाही.

१० एप्रिल, सोमवार.

यांना आकडे दाखवले. कागदावर ओळीनं मांडून, तारीख आणि वेळेसकट.

"खोकं आन खोली एक असतस का?"

"पण चुनीलालभाऊंकडे..."

"चुन्यानं नाव काढू नको. हिशेब तू देख, खिडकी मी देखस."

इतक्या वर्षांत हे माझ्यावर कधी आवाज चढवून बोलले नव्हते. मी कागद घडी करून देवाच्या पाटाखाली ठेवला. देवानं तरी वाचावा.

१२ एप्रिल, बुधवार.

सुरतेच्या दुकानदाराला पत्र लिहिलं. घरात इंग्रजी-मराठी पत्र लिहिणारी मीच. यांनी सांगितलं, "उखाना माप सोळा तसू रुंद, चोवीस तसू उंच, नग चार. शहरवालाले तसू समजत नही. इंच लिखी दे."

मी लिहिलं. रुंदी सोळा इंच, उंची चोवीस इंच, नग चार. वाचून दाखवते म्हटलं. हे मळ्यातल्या इंजिनाकडे निघाले होते. "तू लिखं म्हनजे झायं."

सासूबाई बाजूला सुपात डाळ पाखडत होत्या. मी आकडे मोठ्यानं पुटपुटले तेव्हा सूप क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

पाकीट चिकटवलं. पाय फार सुजले आहेत. आज पुढच्या पानावर टपालाचे पैसे मांडायचे राहिले.

१८ एप्रिल, मंगळवार. आखाजी, अक्षय्य तृतीया.

निंबाला झोके बांधले, पोरी गाणी म्हणत होत्या. पितरांची पाण्याची घागर भरली, वर खरबूज ठेवलं. माझ्या मनात आलं, त्या दोघांसाठी कोणी घागर भरत नाही. एवढ्या लहानांना पितर म्हणत नाहीत. मी एक लोटी वेगळी भरून तुळशीपाशी ठेवली. कुणी बघितलं नाही असं वाटतं. संध्याकाळी बघितलं तर शेजारी दुसरी लोटी होती. मोलकरीण विसरली असेल.

देवासमोर बसले. हात जोडले गेले, बोलता काही आलं नाही.

२७ एप्रिल, गुरुवार.

सावलीत १०९. भिंती पुऱ्या झाल्या, छप्पर चढलं. पश्चिमेच्या खिडकीच्या जागी अजून नुसतं भगदाड, काचेची वाट बघत. दुपारी त्यातून झळा आत येतात, खोलीत उभं राहवत नाही. गृहप्रवेशाचा मुहूर्त आठ मेचा, सोमवारचा. भटजींनी बजावलं आहे, तो चुकला तर पंधरापासून अधिक महिना, मग महिनाभर काही नाही. मग बाळंतपण पुन्हा मधल्या खोलीत.

सासूबाई जुनी लुगडी फाडून चिंध्यांच्या गुंडाळ्या करत बसतात. मोठी टोपली भरली. मी बघितलं की आत घेऊन जातात.

३ मे, बुधवार.

काचा आल्या. नंदुरबार स्टेशनावरून बैलगाडीनं, गवतात गुंडाळून. एकही फुटली नाही.

उखानं पहिली काच झडपेच्या चौकटीत धरली आणि थांबला. पुन्हा धरली. मग काच आणि लाकूड यांच्या मधल्या जागेतून दोन बोटं आरपार घातली आणि सगळ्यांना दाखवली.

"भाऊ, हाई काय? इतली फट? यानामाईन तं मांजर जाई!"

रुंदीला दोन इंच कमी, उंचीला तीन. यांनी दुकानदाराचं बिल खिशातून काढलं, वाचलं. सोळा इंच, चोवीस इंच. मग माझ्याकडे बघितलं. काही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

चुनीलालभाऊ काचा बघायला आले होते. "घ्या! शाळा शिकलेली बायको केली म्हणे!"

आणि सासूबाई, सगळ्यांच्या पुढ्यात, मोठ्यानं: "मॅट्रिक वहू शे ना मन्ही! बुकं वाची लिही, पन तसू आन इंचमाना फरक तिले काय माहीत? जाऊ द्या आते. व्हयनं ते व्हयनं." एवढं बोलून त्यांनी विषयच मिटवला. इतका अपमान मला गेल्या दहा वर्षांत झाला नव्हता. मान वर झाली नाही.

नव्या काचा मागवल्या तर महिना. मुहूर्त पाच दिवसांवर. सासूबाई म्हणाल्या, "इटा लाई बुजी टाका खिडकी. सकाय गवंडीले बलावा." हे मळ्याकडे निघून गेले.

म्हणजे भिंत. म्हणजे नव्या घरातही तीच मधली खोली, जागा फक्त बदललेली. हे माझ्या हातानं झालं. मी काय केलं?

४ मे, गुरुवार.

गवंडी सकाळी सातला आला, विटा भिजवायला बसला. हे ओट्यावर, सासूबाई दारात, उखा हत्यारं आवरत होता. मी देवाच्या पाटाखालचा कागद घेऊन गेले. सासूबाईंसमोर मी यांच्याशी कधी सरळ बोलत नाही. आज बोलले.

"विटा लावू नका. मला हवा पाहिजे. मधल्या खोलीत दोन गेले."

गवंड्याचा हात पाण्यात तसाच. मी आकडे वाचायला लागले, सात एप्रिल, चारची वेळ, आणि मधेच हे बोलले. माझ्याकडे न बघता, समोरच्या भगदाडाकडे बघत.

"मले काच चुन्यासाठी नही पाहिजे व्हती."

"मग?"

"दोन्ही येळे मी पोरेस्नं तोंड अंधारमाच देखं. गुंडाळेल. मालुम नही कसं व्हतं नाक, कसं व्हतं. आते उजेड पाहिजे व्हता मले त्या खोलीमा. बस."

दीड महिना मी या माणसाला हौशी म्हणत होते.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला नाही, पण दारातून बाजूला झाल्या.

उखानं घसा खाकरला. "भाऊ, उजेड पाहिजे, ऊन नही पाहिजे. मंग काच पश्चिमले कसाले? उत्तरले लावा. तठे निंब शे, पुढे छप्परना वळचन शे. ऊन येवाव नही, उजेड दिनभर. या चारी काचा आडव्या लावसू, दोन वर, दोन खाले. लहान शेतस्, नव्या चौकटमा बराबर बठतीन. पश्चिमले पट्टीनी झडप. आजफाईन लागनू तं रविवारलोंग व्हई जाई."

हे उठून उत्तरेच्या भिंतीपाशी गेले. मग गवंड्याला म्हणाले, "इटा ठेव. उत्तरनी भिंत फोड."

खिडकी बुजवायला आलेल्या गवंड्यानं दुपारपर्यंत दुसरी खिडकी पाडली. सासूबाईंची एकच अट: बाळंतपणानंतर दहा दिवस पट्ट्या उघडायच्या नाहीत, फटी त्या बुजवणार. मी मान डोलावली. एवढं मिळालं तेच खूप.

८ मे, सोमवार.

गृहप्रवेश झाला. दूध उतू गेलं, तेही सूर्याच्या दिशेला, शुभ मानतात. उखाच्या हाताला तेलाचा वास होता, शेवटची पट्टी त्यानं आज पहाटे बसवली. पश्चिमेची खोली दुपारी चारला: झडप मिटून १००, पट्ट्या उघडून ओला पडदा लावला तर ९५. बाहेर १११. तीन वेळा बघितलं.

उत्तरेच्या काचांतून निंबाचा हिरवा उजेड पलंगावर पडतो.

२४ मे, बुधवार.

बारा दिवस वही हातात घेतली नाही, सोयरात घेत नाहीत. आज नीट लिहिते.

बारा तारखेला, शुक्रवारी सकाळी आठच्या सुमाराला मुलगी झाली. कौसाबाईनं नाळ कापली, नाहू घातलं, सासूबाईंनी हातात घेतलं. तेवढ्यात कौसाबाई ओरडली. उत्तरेच्या काचेत एक पागोटं. हे उखाचा सुतारकामाचा घोडा भिंतीला लावून त्यावर चढले होते, दोन्ही हातांनी चौकट धरून. बाहेरून उखाचा आवाज: "भाऊ, हात सोडू नका! माले दुसरा घोडा नही शे!"

सासूबाईंनी यांना हाकललं नाही. मुलीच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि तिला काचेकडे वर धरलं. हे किती वेळ तसेच उभे होते मला माहीत नाही. काच त्यांच्या श्वासानं धुरकट झाली, ती त्यांनी बाहेरून पुसली. धोतराच्या सोग्यानंच.

पण सुख लगेच नसतं. पट्ट्या बंद झाल्या, त्यांच्या फटीत टोपलीतल्या चिंध्या बसल्या, बाजेखाली शेगडी आली. मी शब्द दिला होता. उष्णतामापक मी भिंतीला टांगून घेतला होता, बाजेवरून दिसेल असा. पहिल्या दिवशी १०२. तिसऱ्या दिवशी १०४. मी देवाचं नाव घेत पाऱ्याकडे बघत होते, दुसरं काही हातात नव्हतं.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, मुलीनं दुपारी दूध सोडलं. अंग तापलं, रडणं बारीक झालं, मग तेही नाही. मान माझ्या दंडावर पडली. मला ती मान ओळखीची होती. पारा १०८ वर.

कौसाबाई म्हणाली, "बाहेरनं लागनं. शेगडी वाढाडा, धुरी करा."

सासूबाई शेगडी घेऊनच आत आल्या होत्या, ताजे निखारे भरलेली. त्यांनी मुलीकडे बघितलं. मी म्हटलं, "माय, शब्द दिला आहे मी. पण बघा ना."

त्या मुलीजवळ वाकल्या. तिच्या कपाळाला एक बोट लावलं, आणि त्या बोटाकडे बघत राहिल्या. तसंच, त्या दिवशी ओट्यावर बघत होत्या तसं.

मग उठल्या. शेगडी दारातून अंगणात फेकली, निखारे कोंबड्यांमध्ये. बाजेखालची दुसरी ओढून काढली. आणि झडपेवर तुटून पडल्या. स्वतः बसवलेल्या चिंध्या दोन्ही हातांनी उपटून काढल्या, ढीग लागला पायाशी. दांडी वर केली. सगळ्या पट्ट्या एकदम उघडल्या.

"तापीबाई, वारा लागी जाई पोरले!" कौसाबाई.

"लागू दे! गूळ पाघळना व्हता. मी देखेल शे." आणि मग, माझ्याकडे पाठ करून: "दोन येळे मीच बुजं."

त्यांनी ओला पडदा स्वतः धरला, हात भरून येईपर्यंत. मला पाणी पाजलं, बाळंतिणीला तहान लागली तरी देत नाहीत ते. पाचच्या सुमाराला ९७. सहाला मुलीनं चुळबूळ केली. त्यानंतर तिनं तोंड फिरवून दूध शोधलं, आणि मी आणि सासूबाई एकदमच रडलो. ती मात्र चिडली होती, दूध लवकर मिळत नाही म्हणून.

काल बारसं झालं. सगळ्या बायका आल्या, मंगलाबाई झडपेची दांडी चारदा वर-खाली करून बघून गेली. चुनीलालभाऊ उखाला विचारत होते, किती दिवस लागतात एवढ्याला.

सगळ्या गेल्यावर सासूबाई पाळण्याशी बसल्या. मी धीर केला. "माय, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, हिला तसू-इंच कळत नाही."

"हां."

"मला फार लागलं ते."

सासूबाई पाळण्याची दोरी ओढत राहिल्या. "बाजारमा कपडा मोजी मोजी मन्ही जिंदगी गयी. गज सत्तावीस इंचना रहास, ते माले समजत नही का? तू आकडा बोलनी तवयच समजनं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी बोलनू नसतू तं मन्हा शांतीलाल तुले इचारता. इचारता तं तू खरं सांगती. तू तशीच शे."

मग त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात. हसत होत्या.

मी म्हटलं, "मग विटा कशाला लावायला सांगितल्यात?"

"माले भिंत पाहिजे व्हती. तुले पट्टी. दोन्ही जनी आपापली चोरी करी ऱ्हायनूत." त्यांनी मुलीच्या तोंडावरची माशी उडवली. "तुयशीजोगे लोटीबी दोन व्हत्यात. बरं, आते झोप."

यांना मी सांगितलेलं नाही. सांगेन. आज संध्याकाळी हे पाळण्याजवळ उजेडात बसले होते, तिचं नाक कुणासारखं आहे यावर उखाशी वाद घालत होते. मध्येच म्हणाले, "काचा लहान पडन्यात ते बरं झायं." मी "हो" म्हटलं.

वही सुलटी करून बारा दिवसांचा राहिलेला हिशेब मांडला. टपालाचे ते पैसेही घातले, बारा एप्रिलच्या तारखेनं. खाली नेहमीचं लिहायला लेखणी टेकवली, चूकभूल द्यावी घ्यावी, आणि थांबले. पहिल्या दिवशी ठरवलं होतं की या वहीत खोटं लिहायचं नाही.

म्हणून ते पुढे लिहिलं नाही, इथे मागे खरं लिहिते. उखाचा गज मी अठरा मार्चला मोजला होता. बारा एप्रिलला तो मला पाठ होता. चूक नव्हती, आणि भूल तर नव्हतीच.

बाहेर ११२. खोलीत ९४. झोपली आहे.